वरच्या खोलीतला डेस्कटॉप खालच्या टेबलावरच्या दोन मॉनिटरांवर वापरायचा आहे, मार्गदर्शन हवे

खिळेजुळणी (नाशिक)

नमस्कार मंडळी. मी ११ वर्षे घरूनच मराठी पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे आणि मांडणीचे काम करते. माझा कामाचा डेस्कटॉप वरच्या खोलीत आहे. त्यावर विंडोज ११ प्रो आहे, आणि सगळे फाँट, मांडणीची सॉफ्टवेअर व चालू पुस्तकांच्या फाइली त्यावरच आहेत. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला दिवसभर खालीच थांबावे लागते, कारण तिला उठताबसताना आधार लागतो आणि वर बसले की तिची हाक ऐकू येत नाही. म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलावर मी माझा लॅपटॉप मांडला आहे. त्यावर विंडोज ११ होम आहे. त्याला डॉकमधून (लॅपटॉपला बाहेरची उपकरणे जोडून देणाऱ्या पेटीतून) दोन मॉनिटर जोडले आहेत: एक २४ इंची, १९२० बाय १०८० चा, आणि दुसरा २७ इंची, २५६० बाय १४४० चा.

मला हवे आहे ते असे. वरचा डेस्कटॉप खालच्या या दोन्ही मॉनिटरांवर पसरावा, एकावर पुस्तकाचे पान आणि दुसऱ्यावर मूळ हस्तलिखित असे ठेवता यावे, आणि लॅपटॉपचा स्वतःचा लहान स्क्रीन मात्र मेल आणि शब्दकोशासाठी मोकळा राहावा.

आतापर्यंत दोन मार्ग करून पाहिले. आधी दूरचा स्क्रीन जसाच्या तसा दाखवणारे एक मोफत सॉफ्टवेअर घातले. वर एकच मॉनिटर असल्यामुळे खालीही एकच स्क्रीन दिसला, दुसरा मॉनिटर रिकामाच राहिला. शिवाय इनस्क्रिप्ट या मराठी कळफलक-मांडणीत टाइप करताना निम्मी अक्षरे रोमन उमटत होती आणि जोडाक्षरे तुटत होती. मग विंडोजमध्येच असलेले रिमोट डेस्कटॉप वापरले. तिथे माझा रोजचा पिन स्वीकारला जात नव्हता. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण पासवर्ड द्यावा लागतो हे कळेपर्यंत एक संध्याकाळ गेली. सर्व मॉनिटर वापरण्याच्या पर्यायावर खूण केली, तर लॅपटॉपचा स्क्रीनही त्यातच गेला आणि मेल पाहण्यासाठी दर वेळी संपूर्ण खिडकी खाली घ्यावी लागू लागली. तीनशे पानांचे पुस्तक भराभर खाली सरकवले की चित्र अडखळते तो त्रास वेगळाच.

हॉलमध्ये वडिलांचा जुना संगणक आहे, विंडोज १० होमचा. ते अधूनमधून अडतात आणि हाक मारतात. तेही टेबलावरून सोडवता आले, तर आईजवळून उठावे लागणार नाही. पुण्याला बहिणीकडे गेल्यावर वरचा डेस्कटॉप वापरता येईल का, हाही प्रश्न आहे, पण तो नंतरचा. आधी घरातली घडी बसली पाहिजे.

प्रणालीपाल (पुणे)

ताई, आपण प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. तरीही आधी एक गोष्ट मोकळी करून सांगतो, कारण याच ठिकाणी बहुतेकांचा घोळ होतो. 'एका टेबलावरून अनेक संगणक' या एकाच इच्छेमागे तीन निरनिराळी कामे असतात. दूरच्या संगणकाचे काम आपल्या मॉनिटरांवर आणणे हे एक. प्रत्येक संगणक आपापल्या मॉनिटरावरच ठेवून एकाच कीबोर्ड-माउसने सगळे चालवणे हे दुसरे, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये असलेले माउस विदाउट बॉर्डर्स चार संगणकांपर्यंत उत्तम चालते. एखाद्या लॅपटॉपचा स्क्रीन दुसऱ्या संगणकाला जादा मॉनिटर म्हणून जोडणे हे तिसरे. आपल्याला पहिले काम हवे आहे. उरलेल्या दोन कामांची साधने कितीही चांगली असली तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आता पहिल्या कामाचेही दोन प्रकार आहेत, आणि आपण नकळत दोन्ही वापरून पाहिले. व्हीएनसी, एनीडेस्क, रस्टडेस्क ही सारी मंडळी दूरच्या संगणकाच्या खांद्यावरून डोकावतात. तिथल्या मॉनिटरावर जे चित्र आहे, तेच आपल्याला दिसते, म्हणून वर एकच मॉनिटर असेल तर खाली दुसरा आपोआप उगवत नाही. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप तसे डोकावत नाही. ते सत्रच, म्हणजे तिथे उघडलेले आपले सगळे काम, उचलून आपल्या टेबलावर आणते. वरचा मॉनिटर त्या वेळी कुलूपबंद होतो आणि खाली जितके मॉनिटर आहेत, तितक्यांच्या मापाचा नवा डेस्कटॉप तयार होतो. वरच्या संगणकाला एकही मॉनिटर जोडलेला नसला तरी याचे काही अडत नाही. एकाहून अधिक मॉनिटर खऱ्या अर्थाने ओळखण्याची ही सोय २००९ साली विंडोज ७ बरोबर आली, आणि आपल्या कामाला तीच योग्य आहे. आपल्याकडे वर प्रो आणि खाली होम आहे, हे सुदैव. होम आवृत्ती दुसऱ्या संगणकाला जोडून घेऊ शकते, पण स्वतः कोणाला आत घेत नाही. उलट असते तर हा मार्गच बंद होता.

तीनपैकी दोनच मॉनिटर निवडण्याची सोय नेहमीच्या चौकटीत दिसत नाही, पण ती आहे. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एमएसटीएससी ही पाच अक्षरे रोमनमध्ये लिहावीत, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि त्याला लागून एल लिहावे. एक छोटी यादी उघडेल. तिच्यात प्रत्येक मॉनिटरापुढे एक क्रमांक आणि त्याची मापे असतील. २५६० चा कोणता आणि १९२० चा कोणता, हे मापांवरून ओळखून दोन्ही क्रमांक कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत आपली सर्व माहिती भरून, सर्व मॉनिटर वापरण्याच्या पर्यायावर खूण करून, ती जोडणी फाइल म्हणून साठवा. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की साधा मजकूर दिसतो. 'यूज मल्टिमॉन' या ओळीच्या शेवटी १ असल्याची खात्री करा आणि तिच्याखाली 'सिलेक्टेडमॉनिटर्स', विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे, एस, पुन्हा दोन टिंबे, आणि मग स्वल्पविराम देऊन ते दोन क्रमांक, अशी एक ओळ घाला. शब्द सगळे रोमन लिपीत, जोडून आणि लहान अक्षरांत, अंकही इंग्रजीच. जो क्रमांक आधी लिहाल, तो त्या सत्रातला मुख्य मॉनिटर होतो. स्टार्टची पट्टी ज्यावर हवी, त्याचा क्रमांक पहिला लिहावा.

यात एक मेख आहे. निवडलेले मॉनिटर एकमेकांना लागून असले पाहिजेत. टेबलावर ते शेजारी असून भागत नाही, लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या नकाशात त्यांच्या कडा भिडलेल्या हव्यात. पुष्कळ जण लॅपटॉप मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना मॉनिटर लावतात, तिथे ही निवड चालत नाही. आपला लॅपटॉप नकाशात डावीकडे टोकाला किंवा दोन्ही मॉनिटरांच्या खाली सरकवा.

मराठी टायपिंगचेही कारण याच फरकात आहे. डोकावणारी बरीच सॉफ्टवेअर कळ पाठवत नाहीत, त्या कळेतून निघालेले अक्षर पाठवतात. लॅपटॉपवर मराठी निवडलेले असेल तर समोरच्या संगणकाला थेट 'क' मिळतो, आणि तो कोणती कळ दाबून उमटवायचा हे त्याला नेहमीच उमगत नाही. रिमोट डेस्कटॉप कळेचाच क्रमांक पाठवते आणि अक्षर वरच्या संगणकावर घडते. म्हणून लॅपटॉपवर इंग्रजी राहू द्यावे आणि मराठी इनस्क्रिप्ट वरच्या संगणकातच निवडावे. तेव्हा के दाबल्यावर क आणि डी दाबल्यावर हलन्त न चुकता येतो. जोडणीच्या स्थानिक साधनांच्या पानावर विंडोज कळेची जोडकामे दूरच्या संगणकाकडे पाठवण्याचा पर्याय आहे, तो निवडला की विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा तिथलीच बदलते. फाँटही वरचेच वापरले जातात, खाली एकही फाँट बसवण्याची गरज नाही.

वडिलांच्या संगणकासाठी मात्र डोकावणारेच साधन हवे, कारण तिथे तेही समोर बसलेले असणार आणि आपण काय करतो ते त्यांना दिसले पाहिजे. विंडोजमधलेच क्विक असिस्ट होम आवृत्तीवर चालते. आपण आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन एक सांकेतिक क्रमांक काढायचा, हॉलकडे तोंड करून तो मोठ्याने सांगायचा, त्यांनी तो भरून परवानगी द्यायची.

तारजोड (ठाणे)

वरच्या प्रतिसादात चित्र अडखळण्याबद्दल काही आले नाही, आणि माझ्या मते रोजच्या कामात त्याचाच शीण सर्वांत अधिक होतो, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

१९२० बाय १०८० च्या मॉनिटरावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर एक पूर्ण चित्र ६२ लाख बाइटांच्या आसपास जाते, आणि सेकंदाला ६० चित्रे पाठवायची तर जवळजवळ ३ गिगाबिट लागतील. आपला दुसरा मॉनिटर याहून मोठा आहे. एवढे सगळे कोणीच पाठवत नाही. जेवढा भाग बदलला तेवढाच, तोही दाबून लहान करून पाठवला जातो. त्यामुळे टायपिंग करताना काहीच जड जात नाही, पण पानामागून पान सरकवले की एका क्षणात संपूर्ण चित्र बदलते आणि तेव्हाच वाय-फायची परीक्षा होते. वेग कमी पडतो असे आपल्याला वाटते, पण दोष बहुतेक वेळा वेगाचा नसतो, अनियमिततेचा असतो. लॅपटॉपवरून वरच्या संगणकाला सतत पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते मोजून, पाच मिनिटे ते आकडे पाहा. तारेवर प्रत्येक वेळी एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येईल. वाय-फायवर ३, ४, ३, मग अचानक ८०, पुन्हा ४ असे येत असेल, तर त्या ८० च्या वेळीच माउस आपल्या हाताखालून निसटल्यासारखा वाटतो.

माझा आग्रह आहे की वरच्या संगणकापासून राउटरपर्यंत आणि राउटरपासून आपल्या डॉकपर्यंत, दोन्हीकडे तार ओढावी. दोन्हींपैकी एकच टोक तारेवर आणणे शक्य असेल तर तेही करा, कारण आज प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जाते, ते एकदाच जाईल. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तार एका गिगाबिटला १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढे अंतर होत नाही. मात्र तार घेताना ती शुद्ध तांब्याची आहे हे विचारून घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते आणि वर्षभरात टोकाशी तुटायला लागते. विजेच्या तारांच्या नळीतूनच ती ओढू नये.

माझ्या स्वतःच्या घरात हे काम झाल्यावर दोन महिने मी समजत होतो की गिगाबिट चालू आहे. एक दिवस सहज जोडणीचा वेग पाहिला तर १०० मेगाबिट. तारेत चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटचे दोन जोड्यांवर भागते. भिंतीतल्या डबीत तपकिरी रंगाची एकच बारीक तार दाताखाली नीट बसली नव्हती, आणि दोन्ही यंत्रांनी कोणाला न सांगता खालच्या वेगावर तडजोड केली होती. ती तार पुन्हा दाबून बसवली आणि आकडा हजारावर गेला. आपणही काम करून घेतल्यावर कारागीर घरात असतानाच विंडोजमध्ये तो आकडा पाहून घ्या.

राउटरमध्ये वरच्या संगणकाचा घरच्या जाळ्यातला आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि काल चालणारी जोडणी आज सापडत नाही. डेस्कटॉप झोपी जाणार नाही अशी व्यवस्थाही हवी. आमच्याकडे देखभालीच्या दिवशी वीज जाते. वीज आली की संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) असते, ती चालू केल्यापासून माझे जिन्यावरचे हेलपाटे थांबले. राउटर इन्व्हर्टरवर असू द्या. जोडणी मध्येच तुटली तरी घाबरण्याचे कारण नाही. वरचा संगणक चालू असेपर्यंत आपले सत्र तिथे तसेच उघडे राहते आणि पुन्हा जोडले की अर्धवट वाक्य जिथे होते तिथेच सापडते.

आरेखक (सांगली)

मी इमारतींचे आराखडे काढतो आणि माझ्याकडे नेमका याच्या उलट अनुभव आहे, तो मांडतो, म्हणजे खर्च करण्याआधी ताईंना तपासून घेता येईल. माझ्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना यूएसबीला लावायच्या डोंगलवर, म्हणजे किल्लीसारख्या छोट्या उपकरणावर आहे, आणि रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात ते सॉफ्टवेअर उघडायलाच नकार देते. असे परवाने अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. आपल्या अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला डोंगल असेल, तर तार ओढण्याआधी वाय-फायवरच ते रिमोट सत्रात उघडून पाहा.

मला शेवटी डोकावणाऱ्या प्रकाराकडेच यावे लागले. दोन मॉनिटर हवे होते म्हणून दूरच्या संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला एचडीएमआयचे एक बनावट टोक लावले. अंगठ्याएवढे ते टोक कार्डाला 'इथे मॉनिटर आहे' असे सांगत राहते. सनशाइन हे सॉफ्टवेअर तिकडे आणि मूनलाइट इकडे, अशी जोडी वापरतो. ती मुळात खेळांसाठी आहे. चित्र दाबण्याचे काम ग्राफिक्स कार्डच करते, त्यामुळे त्रिमिती आराखडा फिरवताना हात आणि चित्र यांत अंतर जाणवत नाही. रिमोट डेस्कटॉप मूळ सेटिंगवर सेकंदाला ३० च चित्रे देते. रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीतून) ही मर्यादा ६० पर्यंत नेता येते, पण अक्षरांच्या कामाला ३० पुरेशी आहेत, उगाच त्यात पडू नये.

अक्षरांचे काम आहे म्हणून एक मात्र आवर्जून सांगतो. व्हिडिओसारखे दाबलेले चित्र असते तेव्हा उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची राखली जाते, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर कळत नाही. लाल किंवा निळ्या अक्षरांत अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या टोकांना धुरकट कड येते. मुद्रितशोधनाच्या लाल खुणा वाचताना हे डोळ्यांना फार टोचते. विंडोज प्रोच्या ग्रुप पॉलिसीमध्ये (बारीक नियम ठरवण्याच्या सेटिंगमध्ये), रिमोट सत्राच्या वातावरणाखाली, एव्हीसी ४४४ ला प्राधान्य देण्याचा पर्याय आहे. तो वरच्या संगणकावर चालू केला की रंगही प्रत्येक ठिपक्याचा येतो. तरीही मुखपृष्ठाचा रंग शेवटचा पक्का करताना वरच्या मॉनिटरासमोर जाऊनच पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

खिळेजुळणी (नाशिक)

सर्वांची मनापासून आभारी आहे. आपण सांगितले त्या क्रमाने आठवडाभर एकेक गोष्ट केली, म्हणून आता कळवते.

माझ्या सॉफ्टवेअरला डोंगल नाही, ते रिमोट सत्रात व्यवस्थित उघडते. यादीत मॉनिटरांचे क्रमांक ०, १ आणि २ असे निघाले. ० हा लॅपटॉपचा होता. फाइलमध्ये २ आणि १ लिहिले, कारण २७ इंची मुख्य हवा होता. पहिल्या खेपेला तिन्ही मॉनिटर भरले. नकाशात पाहिले तर लॅपटॉप मधोमध होता. तो डावीकडे नेल्याबरोबर हवे तसे झाले. पान एका मॉनिटरावर, हस्तलिखित दुसऱ्यावर, आणि लॅपटॉपवर शब्दकोश उघडा, हे पहिल्यांदा एकत्र दिसले तेव्हा आईलाही दाखवले. मराठी टायपिंग आता वरच्यासारखेच होते. 'र्‍हास' आणि 'दुसर्‍या' हे शब्द मी मुद्दाम टाइप करून पाहिले, त्यांतला अर्धा र पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये एकदाही आला नव्हता.

वरची तार ओढून झाली, जोडणीचा आकडा १००० आहे. खालच्या टेबलाची अजून राहिली आहे, तरी पाने सरकवताना पूर्वीचा त्रास जवळपास गेला. बाबांसाठी क्विक असिस्ट दोनदा वापरले. पहिल्या वेळी त्यांना परवानगीची चौकट सापडेना, दुसऱ्या वेळी त्यांनी ती स्वतः शोधली.

दोन अडचणी उरल्या आहेत. काल स्वच्छतेसाठी डॉकची केबल काढून पुन्हा लावली, तर आज सत्र एकाच मॉनिटरावर उघडले. दुसरी अशी की रात्री वर जाऊन बसले तर मांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या याद्यांची अक्षरे अवास्तव मोठी आणि धूसर दिसतात. ती लहान करायला सत्रात असताना डिस्प्ले सेटिंगमध्ये गेले होते, पण तिथे काहीच बदलू देत नाही.

प्रणालीपाल (पुणे)

पहिली अडचण डॉक वापरणाऱ्या सर्वांना येते. केबल काढून लावली की विंडोज कधी कधी तेच मॉनिटर नवे समजून त्यांना नवे क्रमांक देते, आणि आपल्या फाइलमध्ये जुनेच राहतात. पुन्हा यादी काढून पाहा, १ आणि २ च्या जागी वेगळे आकडे दिसतील. ते फाइलमध्ये भरले की झाले. मी माझ्याकडे अशा दोन फाइली ठेवल्या आहेत, कारण माझे आकडे दोन जोड्यांतच फिरतात.

दुसरीचे कारण अक्षरांच्या प्रमाणात आहे. रिमोट सत्र सुरू होताना लॅपटॉप आपल्या प्रत्येक मॉनिटराचे प्रमाण वर कळवतो, आणि सत्रात असताना ते बदलता येत नाही. खालच्या २७ इंचीला आपण १२५ किंवा १५० टक्के ठेवले असणार आणि वरच्या मॉनिटराला १०० असणार. जुन्या धाटणीची सॉफ्टवेअर सुरू होताना जे प्रमाण मिळते तेच धरून बसतात, आणि मग विंडोज त्यांचे चित्र ताणून किंवा आवळून दाखवते, म्हणून ते धूसर होते. प्रमाण बदलायचे असेल तर सत्र तोडून, लॅपटॉपवर बदलून, पुन्हा जोडावे. वर बसण्याआधी ते सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे. तेवढ्याने भागले नाही तर साइन आउट करून पुन्हा आत यावे. खाली २७ इंचीला १०० टक्क्यांवर वाचणे डोळ्यांना जमत असेल तर दोन्हीकडे १०० ठेवणे सर्वांत सोपे, पण दिवसभर अक्षरे पाहणाऱ्याने त्यासाठी डोळे ताणू नयेत.

लीड्सकर (इंग्लंड)

पुण्याहून वापरण्याचा प्रश्न ताईंनी नंतरचा म्हटला आहे, तरी तो येण्याआधीच हे वाचलेले बरे. मी इथून सातारच्या घरातला संगणक गेली काही वर्षे वापरतो आहे.

राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे आत येण्याचे दार, बाहेरच्या जगासाठी उघडण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. कृपया तो मानू नका. इंटरनेटवर उघडी असलेली असली दारे दिवसरात्र ठोठावली जातात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधला ब्लूकीप नावाचा दोष उघड झाला, तेव्हा पासवर्ड माहीत नसतानाही जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होते, आणि आधार संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली होती. पोर्टचा क्रमांक बदलल्याने दार लपत नाही. घरात शिरायचे ते व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेनेच.

आपल्याकडे फायबरच्या जोडणीवरही स्वतंत्र सार्वजनिक पत्ता पुष्कळदा मिळत नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर अनेक घरांत मिळून एकच पत्ता वाटलेला आहे आणि पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोहोचणार नाही. अशा ठिकाणी टेलस्केल हे व्हीपीएन सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते वायरगार्ड या व्हीपीएन-तंत्रावर चालते, दोन्ही संगणक आतून बाहेर जोडणी करतात आणि मध्ये भेटतात, त्यामुळे राउटरमध्ये काहीच उघडावे लागत नाही. वरच्या डेस्कटॉपवर आणि लॅपटॉपवर ते घालून एकाच खात्याने आत जायचे, आणि रिमोट डेस्कटॉपला घरातल्या पत्त्याऐवजी टेलस्केलने दिलेला पत्ता द्यायचा. ताईंची दोन मॉनिटरांची फाइल बहिणीकडे चालणार नाही, तिथे एकाच स्क्रीनची वेगळी फाइल ठेवावी. डेस्कटॉप झोपलेला असेल तर त्याला लांबून उठवणे अवघड जाते, कारण उठवणारा १०२ बाइटांचा संदेश त्याच घरातल्या जाळ्यातून यावा लागतो. नाशिकहून निघताना तो जागा ठेवून निघावे.

वडिलांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. दूरच्या संगणकात शिरू देणारी सॉफ्टवेअर वापरून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार वाढले, तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना सावध करावे लागले होते. क्विक असिस्टचा क्रमांक ताईंनी स्वतः, समोरून सांगितला तरच भरायचा आणि फोनवरून कोणीही सांगितला तर फोन ठेवून द्यायचा, हे बाबांशी एकदा शांतपणे बोलून ठरवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्या संगणकावर ११ चढत नसेल तर बँकेची कामे तरी त्यावरून करू नयेत.

खिळेजुळणी (नाशिक)

नवे क्रमांक ३ आणि ४ निघाले. फाइलीत बदलले आणि सत्र दोन्ही मॉनिटरांवर परत आले. २७ इंचीचे प्रमाण १२५ होते, ते मी १०० करून दोन दिवस काम केले, पण संध्याकाळी डोळे चुरचुरू लागले, म्हणून पुन्हा १२५ केले आहे आणि वर जाताना सॉफ्टवेअर बंद करून जाते. तेवढ्याने धूसरपणा गेला.

क्रमांकाबद्दल बाबांशी आजच दुपारी बोलले. त्यांनी हॉलमधल्या मॉनिटराच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: 'क्रमांक फक्त मुलीने सांगितलेला.' खालच्या टेबलाची तार शनिवारी ओढायची आहे. चारही जोड्या तपासून मगच कारागिराला जाऊ देईन.